रेव्हरंड टिळकांचे अपुरे गुरुकुल

कोणत्याही धर्मसमाजाची प्रकृती जाणून घ्यावयाची असेल, तर त्याचा उद्याचा उपदेशक आज कोठे आणि कसा तयार होत आहे, हे प्रथम पाहावे. देवळे बांधता येतात, निधी उभारता येतो, उत्सवही थाटाने साजरे करता येतात. परंतु वीस-बावीस वर्षांचा एखादा तरुण आपले सारे आयुष्य लोकांच्या सुखदुःखाशी बांधून घेण्यास पुढे येतो, तेव्हा त्याला कोणी शिकवावे, कोणत्या भाषेत शिकवावे आणि शिकत असताना त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय कोणी करावी, हे प्रश्न सोपे राहत नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १० लाख ८० हजार ख्रिस्ती आहेत. राज्याच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण जेमतेम एक टक्का भरते. या लहानशा समाजापुढील हा मोठा प्रश्न एका माणसाने शंभर वर्षांपूर्वी स्वतःच्या संसाराची आहुती देऊन सोडवू पाहिला. त्यांचे नाव नारायण वामन टिळक.

मराठी वाचक टिळकांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’मुळे एक उदार, लहरी आणि भोळा नवरा म्हणूनही त्यांची मूर्ती घरोघर परिचयाची झाली आहे. या दोन प्रतिमांच्या आड त्यांचे तिसरे रूप झाकले गेले. टिळक हे हाडाचे शिक्षक होते आणि धर्मसेवेसाठी तरुण माणसे घडविणे, हा त्यांच्या उत्तरायुष्याचा ध्यास होता. या कामात त्यांना यश किती मिळाले, अपयश कोठे आले आणि त्या दोहोंपासून आजच्या समाजाने काय घ्यावे, याचा विचार करण्यासारखा आहे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन कुटुंबात झाला. आई जानकीबाई ही त्यांच्या बालपणातील मायेची एकमेव जागा होती. तिच्या अकाली निधनानंतर हा मुलगा घर सोडून नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्याने संस्कृत काव्याचे अध्ययन केले. इंग्रजी शाळेतील शिक्षण मात्र अर्धवट राहिले. म्हणजे टिळकांना जी खरी विद्या मिळाली, ती गुरूच्या पायापाशी बसून, त्याच्या आश्रयाने मिळाली. पुढे शिक्षक म्हणून टिळकांनी जे जे केले, त्याचे मूळ या अनुभवात शोधावे लागते. विद्यार्थ्याला आधी घर लागते आणि मग पुस्तक, ही गोष्ट त्यांना कोणी शिकवावी लागली नाही.

१८८० मध्ये त्यांचा विवाह नाशिकजवळील जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी झाला. सासरी आल्यावर तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. त्यानंतर टिळकांची भटकंती सुरू झाली. कधी शिक्षकाची नोकरी, कधी कीर्तन, कधी छापखान्यातील काम, असे अनेक उद्योग त्यांनी केले. एका ठिकाणी फार काळ टिकणे त्यांच्या स्वभावात नव्हते. १८९१ च्या सुमारास ते नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाला गेले. तेथे त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले आणि ‘ऋषि’ नावाचे मासिकही चालविले. जातिभेदाने पोखरलेल्या या देशाला नवा धर्मविचार हवा, असे त्यांना या काळात तीव्रतेने वाटू लागले होते. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक युरोपीय गृहस्थ भेटले आणि त्यांनी टिळकांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला. येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने या संस्कृतज्ञ ब्राह्मणाला कायमचे जिंकले. पुढे दोन वर्षे मनाशी झगडून १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीला याची पूर्वकल्पना नव्हती. त्यानंतर काही वर्षे लक्ष्मीबाई आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. धर्मांतराची किंमत टिळकांनी दिली हे खरेच. पण तिचा मोठा वाटा लक्ष्मीबाईंनी, तोही न विचारता, दिला हे विसरता येत नाही.

बाप्तिस्म्यानंतर टिळक अहमदनगरला आले. हे शहर तेव्हा मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती जीवनाचे केंद्र होते. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये मिशनने नगरला ठाणे दिले. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरलाच सुरू झाले. शतकाच्या मध्याला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या एतद्देशीय गृहस्थांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. तथापि खेडोपाडी मंडळ्या वाढू लागल्या, तशी उपदेशकांची उणीव भासू लागली. ती भरून काढण्यासाठी १८७८ मध्ये नगरला धर्मशिक्षणाचे विद्यालय निघाले. रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम हे त्याचे अध्वर्यू. ह्यूम यांचा जन्म १८४७ मध्ये मुंबईतच झालेला. या देशाबद्दल आणि येथील लोकांबद्दल त्यांना खरी आस्था होती. याच विद्यालयात टिळक शिकवू लागले.

त्यांच्यापुढे बसणाऱ्या तरुणांची कल्पना केली पाहिजे. त्यांतील बहुसंख्य नगर जिल्ह्याच्या खेड्यांतून, महार आणि मांग समाजांतून आलेले होते. पिढ्यान् पिढ्या ज्यांना अक्षराची ओळख नाकारली गेली, त्यांची मुले आता शास्त्र शिकत होती. ही सामान्य घटना नव्हती. परंतु त्यांना जे शिकविले जात होते, त्याचा साचा अमेरिकेतील होता. प्रवचनाची मांडणी तिकडची, गीतांच्या चाली तिकडच्या आणि गद्य तर भाषांतराच्या ओझ्याखाली वाकलेले. असा उपदेशक गावात परत गेला, की लोक त्याचे ऐकून घेत. पण त्याची भाषा त्यांच्या ओठांवर रुळत नसे.

टिळकांनी नेमके येथे बोट ठेवले. ज्या महाराष्ट्राने सहा शतके अभंग गाऊन आणि कीर्तन ऐकून धर्म शिकला, त्या महाराष्ट्रात ख्रिस्ती उपदेशकालाही अभंग आणि कीर्तन आलेच पाहिजे, असे त्यांचे मत होते. ख्रिस्ती कीर्तनाची वाट नगरच्याच कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी आधी पाडली होती. टिळकांनी त्या वाटेवर काव्याचे सामर्थ्य आणले. आपण ख्रिस्ताकडे तुकोबांच्या मार्गाने आलो, असे ते मानीत. म्हणून विद्यार्थ्यांनी ज्ञानेश्वर-तुकाराम वाचावेत, असा त्यांचा आग्रह असे. त्यांनी स्वतः शेकडो पदे आणि अभंग रचले. आजही मराठी चर्चमध्ये गायिल्या जाणाऱ्या गीतांत टिळकांच्या रचनांचा वाटा फार मोठा आहे. १९०४ मध्ये त्यांना स्वतःला पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. शिक्षक, कवी, पाळक आणि संपादक या चारही नात्यांनी ते एकच काम करीत होते. मराठी ख्रिस्ती माणसाला परकेपणाच्या भावनेतून सोडवून या भूमीत उभे करणे, हे ते काम होय.

पण टिळकांची खरी शाळा विद्यालयाच्या इमारतीत भरत नव्हती. ती त्यांच्या घरी भरत होती. दुष्काळात अनाथ झालेली मुले, गावाकडून आलेले विद्यार्थी, धर्माचा शोध घेत फिरणारे तरुण आणि कवितेने झपाटलेली पोरे यांचा राबता त्या घरी अखंड असे. पगार हाती आला, की तो घरी पोचेपर्यंत त्याला वाटा फुटत. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या मुलाने सर्वांना चकित केले आणि त्याला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. पुढे त्याला टिळकांनी आपल्या घरी आणून पोटच्या मुलासारखे सांभाळले. विशेष हे की, बालकवींना ख्रिस्ती करण्याचा आटापिटा तेथे झाला नाही. ते आले तसेच हिंदू राहिले आणि मराठी निसर्गकवितेला त्या घराने एक मोठा कवी सांभाळून दिला. शिष्याचे हित आणि संप्रदायाचे हित यांत टिळक शिष्याच्या हिताला आधी मान देत. धर्मशिक्षकाच्या अंगी असावा असा हा गुण फार थोड्यांजवळ असतो.

मात्र या गुरुकुलाची चूल कोण पेटवीत होते? येथे लक्ष्मीबाईंचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. नवऱ्याने आणलेल्या प्रत्येक पाहुण्याचे पान त्यांनी मांडले. मुलांची आजारपणे काढली. घरात दाणा नसताना उसनवारी केली. सोवळ्याच्या कडक वातावरणात वाढलेल्या या बाईने जातिभेदाचा विटाळ मनातून कसा काढून टाकला, ते त्यांनीच पुढे आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितले आहे. त्या नवऱ्याकडे परत आल्या, त्या त्याची मते पटली म्हणून नव्हे. मते नंतर, त्यांच्या त्यांच्या विचाराने पटली आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या उदारपणाचे गोडवे गाताना, तो उदारपणा कोणाच्या श्रमांवर उभा होता, हे सांगणे इतिहासाला बंधनकारक आहे.

आणि विचार करता असे दिसते की, टिळकांच्या शाळेची सर्वांत मोठी विद्यार्थिनीही लक्ष्मीबाईच होत्या. लग्नाच्या वेळी त्यांना अक्षरओळख नव्हती. नवऱ्याने शिकविले, रागावून सोडून दिले, पुन्हा शिकविले आणि बाकीचे त्या घरात कानांवर पडणाऱ्या काव्याने आणि वादविवादांनी पुरे केले. कोणत्याही विद्यालयाच्या पटावर त्यांचे नाव नव्हते. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र लिहावयास घेतले आणि दहा-अकरा अध्यायांवर ते राहिले. पुढचे साठांहून अधिक अध्याय लिहून ते महाकाव्य तडीस नेण्याचे काम लक्ष्मीबाईंनी केले. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेली ‘स्मृतिचित्रे’ तर मराठी गद्याचा अलंकार ठरली. टिळकांच्या अध्यापनपद्धतीचे याहून मोठे प्रमाणपत्र कोणते असू शकेल? गुरूच्या सहवासात, त्याचे दोष डोळ्यांसमोर असताना, त्याच्या कामात हात घालीत शिकलेला शिष्य गुरूचे अपुरे काम पुरे करू शकतो, हे या उदाहरणाने सिद्ध केले.

टिळकांना अस्वस्थ करणारी दुसरी गोष्ट म्हणजे उपदेशकाचा पगार. तो परदेशी मिशनकडून येई. त्यामुळे उपदेशक मंडळीचा सेवक न राहता मिशनचा नोकर होई आणि गावकरीही त्याच्याकडे त्याच दृष्टीने पाहत. मिशनरी आणि भारतीय ख्रिस्ती यांचे नाते मायबाप आणि लेकरू असे न राहता मित्रत्वाचे व्हावे, ही टिळकांची भूमिका होती. मिशनरी मंडळींशी त्यांचे वैर नव्हते. ह्यूम यांच्याविषयी त्यांना आदरच होता. पण ज्याचे अन्न खावे, त्याच्यासमोर ताठ उभे राहणे कठीण असते, हे त्यांनी पुरते ओळखले होते. अखेर १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या पगाराचा त्याग केला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला.

हा दरबार म्हणजे टिळकांच्या साऱ्या विचारांचा परिपाक होता. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, जातीचा आणि पंथाचा भेद राहू नये आणि तरुणांनी साधूच्या वृत्तीने, पगाराची अपेक्षा न ठेवता सेवा करावयास शिकावे, अशी ती कल्पना होती. तिला काळाने अवसर दिला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्याच्या आदल्या वर्षी बालकवीही रेल्वेच्या रुळांवर अपघाती मृत्यू पावले होते. टिळकांच्या मागे दरबार टिकला नाही. त्याला घटना नव्हती, निधी नव्हता आणि टिळकांची जागा घेईल असा दुसरा माणूस तयार झालेला नव्हता. सारे त्या एका व्यक्तीच्या तेजावर चालले होते आणि ती व्यक्ती जाताच अंधार पडला.

कल्पना मात्र सर्वस्वी विझली नाही. टिळकांचे इंग्रजी चरित्र १९२३ मध्ये लिहिणारे जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला. भारतीय आणि युरोपीय तरुणांनी एका छपराखाली, एका पंगतीत बसून साधे आश्रमजीवन जगावे, असा त्याचा उद्देश होता. पुढे पुण्यास स्थिर झालेल्या या संघात १९२७ मध्ये एक इंग्रज तरुण येऊन दाखल झाला. त्याचे नाव व्हेरिअर एल्विन. तो पुढे चर्चपासून दूर गेला आणि आदिवासींचा अभ्यासक म्हणून कीर्तिमान झाला. पण भारताच्या गरिबीशी त्याची पहिली ओळख या आश्रमाच्या निमित्ताने झाली. बालकवी काय किंवा एल्विन काय, गुरुकुलातून बाहेर पडणारा प्रत्येक जण ठरल्या साच्याचा निघत नाही. तो तसा निघावा अशी अपेक्षाही करू नये.

टिळकांची बाजू मांडताना संस्थेची बाजू दुबळी लेखणे अन्यायाचे होईल. युरोपातही एके काळी होतकरू धर्मगुरू एखाद्या वडीलधाऱ्या धर्मगुरूपाशी राहूनच शिकत असे. गुरू विद्वान असला तर शिष्याचे कल्याण होई. गुरू अडाणी किंवा भ्रष्ट असला, तर तोच वारसा पुढे चाले. हा अनुभव कटू ठरल्यामुळेच १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक धर्मप्रांतात सेमिनरी असावी, असा निर्णय दिला. नियम, अभ्यासक्रम, परीक्षा आणि अनेक शिक्षकांची नजर यांमुळे एका माणसाच्या लहरीपासून विद्यार्थ्याचे रक्षण होते. ह्यूम यांचे विद्यालय टिळक गेल्यावरही चालू राहिले, यात सर्व काही आले.

टिळकांच्या विचारावर आणखी एक गंभीर आक्षेप घेण्यात आला आहे. १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात मराठी धर्मपंडित अरविंद निर्मळ यांनी एक मूलभूत प्रश्न उपस्थित केला. भारतीय ख्रिस्ती धर्मचिंतनावर उच्चवर्णीय धर्मांतरितांच्या विचारांचा पगडा राहिला आणि ज्या दलितांनी चर्च भरले, त्यांचे दुःख त्या चिंतनात आले नाही, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. दलित धर्मचिंतनाचा उगम या मांडणीत मानला जातो. टिळकांना हा आक्षेप लागू पडतो काय? काही अंशी निश्चित पडतो. पंढरीची वाट गोड खरी. पण त्याच वाटेवर चोखामेळा देवळाबाहेर उभा राहिला होता आणि टिळकांपुढे बसणाऱ्या मुलांच्या घरी ही आठवण ताजी होती. टिळकांनी त्यांना आपल्या पंगतीला बसविले, आपले काव्य दिले. पण त्या मुलांच्या स्वतःच्या जगण्यातून निघणारे काव्य कोणते, हा प्रश्न विचारला जाण्यास आणखी दोन पिढ्या जाव्या लागल्या. शिक्षक कितीही मोठ्या मनाचा असला, तरी शिष्यापाशीही शिकण्याजोगे काही असते, एवढा धडा येथून घ्यावयास हवा.

आता आजच्या स्थितीकडे वळू. नगरच्या मंडळ्या संयुक्त चर्चमार्गे १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. कॅथलिकांचे पेपल सेमिनरी १९५५ मध्ये कँडीहून पुण्याला आले. मुंबई धर्मप्रांताचे सेमिनरी गोरेगावला आहे. धर्मशिक्षणाच्या पदव्या आहेत, ग्रंथालये आहेत, शिक्षक आहेत. परदेशी मिशनचे छत्र केव्हाच गेले. तरीही टिळकांनी विचारलेले दोन्ही प्रश्न, म्हणजे भाषेचा आणि भाकरीचा, जागच्या जागी उभे आहेत.

घाटकोपरसारखे उपनगर घ्या. येथे मराठी, गुजराती, तमिळ, मल्याळी अशा कितीतरी भाषा बोलणारी माणसे एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहतात. नगर, सातारा, नाशिक या जिल्ह्यांतून पोटापाण्यासाठी आलेल्यांच्या नातवंडांची शाळा आता इंग्रजी झाली आहे. आजीचे भजन मात्र मराठीच आहे. अशा वस्तीत पाळक म्हणून येणाऱ्या तरुणाला आजीची भाषाही यावी लागते आणि नातवाची शंकाही समजावी लागते. टेकडीवरच्या चाळीत पाण्याची वेळ सांभाळून माणसांना कधी भेटावे, रात्रपाळी करून आलेल्या कामगाराशी काय बोलावे आणि काय बोलू नये, घरात मृत्यू झाला असता प्रथम शब्द उच्चारावा की नुसते शेजारी बसावे, ही विद्या वर्गात पुरती मिळत नाही. ती अनुभवी पाळकाच्या मागोमाग जिने चढूनच मिळवावी लागते.

तिचा खर्चही कोणाला तरी उचलावा लागतो. उपनगरातील घरभाडे मोठे आहे आणि शिकाऊ तरुणाच्या मानधनात संसार तर सोडाच, एकट्याचा निर्वाहही अवघड होतो. त्याग हा उपदेशकाचा धर्म आहे, असे सांगून मंडळीने आपली जबाबदारी टाळणे हे सभ्यपणाचे नाही. टिळकांनी त्याग केला. त्याची झळ त्यांच्या बायकामुलांना लागली. समाजाने दुसऱ्याच्या त्यागावर आपली धर्मसेवा स्वस्तात करून घ्यावी, हा टिळकांच्या चरित्राचा बोध नव्हे. परदेशी पैशावर त्यांचा आक्षेप होता, त्याचा अर्थच असा की, स्वकीयांनी तो भार आनंदाने उचलावा.

म्हणून करावयाचे काम स्पष्ट आहे. प्रत्येक मोठ्या मंडळीने एका तरी तरुणाची किंवा तरुणीची, शिक्षण चालू असताना आणि त्यानंतरची दोन-तीन वर्षे, राहण्या-जेवण्याची हमी घ्यावी. त्याला अनुभवी पाळकाच्या हाताखाली द्यावे. परंतु एकाच माणसाच्या मर्जीवर सोडू नये, त्याच्या प्रगतीकडे पाहणारी तीन-चार जाणती माणसे असावीत. ज्या घरात तो राहील, त्या घरच्या गृहिणीचे श्रम गृहीत न धरता ते खर्चात मांडावेत. विद्यालयांनी मराठी संतकाव्याइतकेच मराठी दलित साहित्यही विद्यार्थ्याच्या हाती द्यावे. आणि तो शिकून अखेर आपल्या अपेक्षेहून वेगळ्या वाटेने गेला, तर खर्च वाया गेला असे कोणी मानू नये. टिळकांनी बालकवींच्या बाबतीत तसे मानले नव्हते. टिळकांजवळ माणसे घडविण्याची कला होती, पण ती टिकविणारी व्यवस्था नव्हती. आज व्यवस्था बऱ्याच अंशी उभी आहे. त्या कलेला तिच्यात जागा करून देणे, हे आताच्या पिढीच्या हाती आहे.